पाण्याच्या पेल्यावरून रेबीज ओळखता येत नाही

‘हायड्रोफोबिया म्हणजे पाण्याची भीती. म्हणून कुत्रा चावलेल्या माणसाला १० दिवस रोज पेलाभर पाणी द्यावे; तो सहज प्यायला तर रेबीज नाही आणि पोटात १४ इंजेक्शने घेण्याची गरज नाही,’ असा एक संदेश घरोघरी फिरतो आहे. माझ्या मामेबहिणीने त्यावर विश्वास ठेवून मुलाची लस लांबणीवर टाकली, हे कळल्यावर गप्प बसणे मला शक्य नाही.

सर्वांत घातक आहे ती पेल्याची परीक्षा. चाव्यातून शिरलेला विषाणू मज्जातंतूंवाटे मेंदूकडे सरकत असतो आणि तेथे पोहोचेपर्यंत माणूस ठणठणीत असतो. जेवतो, पाणी पितो, कामाला जातो. जागतिक आरोग्य संघटनेच्या माहितीनुसार हा काळ साधारणपणे २ ते ३ महिन्यांचा असतो, पण तो एका आठवड्याइतका कमी किंवा वर्षभराइतका लांबही असू शकतो. तेव्हा दहाव्या दिवशी रिकाम्या झालेल्या पेल्यावरून काहीही सिद्ध होत नाही. उलट, ज्या दिवशी पाणी घशाखाली उतरेनासे होते, त्या दिवशी लसीचा उपयोग राहिलेला नसतो, कारण लक्षणे दिसू लागल्यावर हा आजार जवळजवळ नेहमीच प्राणघातक ठरतो. याच संघटनेच्या म्हणण्याप्रमाणे सुमारे २० टक्के रुग्णांमध्ये रेबीज हातपाय लुळे पडत जाण्याच्या रूपात येतो, आणि त्यांच्यात पाण्याच्या भीतीचे लक्षण अनेकदा दिसतच नाही.

१० दिवसांचा आकडा मात्र अगदीच हवेतून आलेला नाही, एवढे मान्य करावे लागते. चावलेला कुत्रा निरोगी दिसत असेल आणि हाताशी असेल, तर त्याच्यावर १० दिवस लक्ष ठेवतात. पण ते निरीक्षण कुत्र्याचे असते, माणसाचे नव्हे. शिवाय लस आधीच सुरू केलेली असते आणि कुत्रा धडधाकट राहिला तरच ती थांबवता येते. कुत्र्यापुढे पाणी ठेवून पाहण्याचा सल्लाही तितकाच निरर्थक आहे, कारण पिसाळलेला कुत्रा पाणी पिऊ शकतो.

‘ही मनाची भीती आहे, धीर दिला की जाते,’ असेही संदेशात म्हटले आहे. ग्रीक भाषेत ‘ह्यूडोर’ म्हणजे पाणी आणि ‘फोबोस’ म्हणजे भय, तेव्हा शब्दार्थ चुकलेला नाही. परंतु हा रुग्ण पाण्याचा तिटकारा करणारा नसतो. तो तहानेने व्याकूळ असतो, स्वतः पाणी मागतो, पेला ओठांशी नेतो आणि घोट घेऊ पाहताच घशाचे व श्वासपटलाचे स्नायू आवळले जातात, मान मागे झटकली जाते, श्वास अडकतो. पुढे पुढे पाणी नुसते दिसले किंवा वाऱ्याची झुळूक अंगावर आली, तरी हेच घडते. धीर देऊन हे स्नायू सैल होत नाहीत. पोहण्याची किंवा बुडण्याची जी मानसिक धास्ती असते, तिला अ‍ॅक्वाफोबिया हा वेगळा शब्द आहे.

‘हायड्रोफोबिया’ हा शब्द फ्रेंच शास्त्रज्ञ लुई पाश्चरने घडवला, हा संदेशातला दावाही खोटा आहे. त्याने १८८५ मध्ये माणसाला रेबीजची लस दिली. शब्द त्याच्या कितीतरी आधीचा आहे. इसवी सनाच्या पहिल्या शतकात रोमन लेखक केल्ससने हे ग्रीक नाव नोंदवून ठेवले आणि रुग्णाला तहान व पाण्याचे भय एकाच वेळी छळतात, असे अचूक वर्णन केले. उपाय म्हणून मात्र त्याने रुग्णाला बेसावध गाठून तळ्यात ढकलण्यास सांगितले! सुश्रुतसंहितेच्या कल्पस्थानात पाणी पाहून किंवा त्याच्या स्पर्शाने दचकण्याला ‘जलत्रास’ म्हटले आहे आणि ते अरिष्ट, म्हणजे मृत्यूचे पूर्वचिन्ह, मानले आहे. ज्याची १० दिवस वाट पाहायला हा संदेश सांगतो, ते लक्षण प्राचीन वैद्यांनाही उपचाराच्या पलीकडचे वाटत होते.

राहिला पोटातल्या १४ इंजेक्शनांचा धाक, आणि बहुतेक लोक पेल्याकडे वळतात ते त्यामुळेच. ती पद्धत केव्हाच मागे पडली आहे. आताची लस दंडात देतात आणि मात्राही मोजक्याच असतात. चावा बसताच जखम साबण आणि वाहत्या पाण्याने १५ मिनिटे धुवावी, त्याच दिवशी डॉक्टरांकडे जाऊन लस सुरू करावी, आणि रक्त आलेले असेल तर इम्युनोग्लोब्युलिनबद्दल, म्हणजे विषाणूविरुद्धच्या तयार प्रतिपिंडांच्या इंजेक्शनाबद्दल, तेथेच विचारावे.