सीडी-फोर पाचशेच्या वर गेला तरी गोळ्या सोडू नका

निपाणी, चिकोडी, खानापूरकडच्या मराठी व्हॉट्सॲप ग्रुपांवर एक मेसेज फिरतोय. त्यात म्हटलंय: सीडी-फोर म्हणजे विषाणू मारणारी रक्तातली ताकद, आकडा ५०० च्या वर गेला की एचआयव्ही संपला, एचआयव्हीच्या गोळ्या बंद करा, काढा घ्या. मी लॅबमध्ये काम करते. परवा एका मावशींनी रिपोर्ट हातात धरून विचारलं, "आता सोडल्या तर चालतंय न्हवं?" तेव्हापासून चैन नाही.

आधी ती 'ताकद'. सीडी-फोर हे मदतनीस टी-पेशींच्या (रोगाशी लढणाऱ्या एका प्रकारच्या पांढऱ्या रक्तपेशींच्या) पृष्ठभागावरचं एक प्रथिन आहे. पेशीबाहेर एकापुढे एक चार गाठी, आत आखूड शेपटी. दुसरी पेशी जंतूचा तुकडा एमएचसी-२ या प्रथिनात धरून दाखवते. तो तुकडा ओळखतो टी-पेशीचा ग्राही, म्हणजे तिच्यावरचं ओळख पटवणारं दुसरं प्रथिन, सीडी-फोर नव्हे. सीडी-फोरची टोकाची गाठ एमएचसी-२ ला बाजूने टेकते आणि शेपटीला धरून बसलेलं एलसीके हे विकर (एन्झाइम) ग्राहीजवळ येतं. एलसीकेने ग्राहीच्या साखळ्यांना फॉस्फेट जोडलं की पेशी जागी होते आणि प्रतिपिंडं बनवणाऱ्या बी-पेशींना, मारक पेशींना कामाला लावते. मारक टी-पेशींवर बहुतेक वेळा सीडी-एट असतं. ते एमएचसी-१ ला टेकतं. सीडी-फोर स्वतः कुणाला मारत नाही.

उलट एचआयव्ही त्याच दाराने आत शिरतो. हे १९८४ पासून माहीत आहे. विषाणूच्या पृष्ठभागावरचं जीपी-१२० हे प्रथिन त्याच टोकाच्या गाठीला पकडतं, मग पेशीवरच्या सीसीआर-५ किंवा सीएक्ससीआर-४ या प्रथिनाला धरतं आणि विषाणू पेशीत घुसतो. सुटं सीडी-फोर टोचून विषाणूला फसवता येईल, या आशेने तेही करून झालंय. रुग्णांमधल्या विषाणूंपुढे ते टिकलं नाही.

आता ५०० चा आकडा. निरोगी माणसात रक्ताच्या घनमिलिमीटरमागे सीडी-फोर असलेल्या साधारण ५०० ते १५०० पेशी असतात. रिपोर्टवर पेशी मोजलेल्या असतात, विषाणू नव्हे. विषाणू मोजायला व्हायरल लोडची (रक्तातल्या विषाणूंच्या प्रमाणाची) तपासणी वेगळी. आणि लोड सापडला नाही तरी निवांत पडलेल्या सीडी-फोर पेशींच्या डीएनएत विषाणूची प्रत दडलेली राहते. गोळ्या थांबल्या की बहुतेकांत तो काही आठवड्यांत परत उसळतो. आकडा ३५० च्या वर गेला की औषध थांबवायचं, २५० च्या खाली आला की पुन्हा द्यायचं, असं 'स्मार्ट' चाचणीत करून पाहिलं. ५४७२ माणसं होती. २००६ मध्ये निकाल आला: औषध थांबवणाऱ्या गटात मृत्यू किंवा संधिसाधू आजाराचा (प्रतिकारशक्ती खालावल्यावर जडणाऱ्या आजाराचा) धोका दुपटीहून जास्त.

मावशी, तुमचा आकडा गोळ्यांनी वाढलाय.

काढ्याने एचआयव्ही आटोक्यात येतो हे कुठेही सिद्ध झालेलं नाही. घेत असाल तर डॉक्टरांना सांगा, काही औषधं एकमेकांत अडतात. गोळ्यांचा त्रास होत असेल तर तेही सांगा, गोळी बदलून मिळते.

मेसेज वाचून कुणी आधीच थांबला असेल, तर लाजू नका. एआरटी केंद्रात, म्हणजे एचआयव्हीच्या गोळ्या मिळतात तिथे, उद्याच जा. सरकारी केंद्रात औषध फुकट आहे आणि १०९७ या एचआयव्ही हेल्पलाइनवर फोनही फुकट लागतो.