ॲल्युमिनियमचं कॅबिनेट थंड, शांत आणि ‘बिनशॉकचं’?

‘कॉम्प्युटरसाठी कॅबिनेट घ्यायचं तर ॲल्युमिनियमचंच. ते लोखंडी कॅबिनेटपेक्षा चौपट गार राहतं, आवाज करत नाही, शॉक देत नाही. लाकडी किंवा ॲक्रिलिकचं तर नकोच, त्याला अर्थिंगच मिळत नाही.’ हा सल्ला सध्या सगळीकडे फिरतोय. त्यातला चौपटीचा आकडा खरा आहे आणि त्याच्या जोरावर बाकीचं सगळं खपून जातं.

उष्णता वाहून नेण्यात ॲल्युमिनियम साध्या पोलादापेक्षा साधारण चौपट सरस, हे कबूल. पण प्रोसेसरची उष्णता पत्र्यापर्यंत येते ती हवेतून, आणि पत्र्याबाहेर पुन्हा हवाच. पत्र्याला दोन्ही अंगांनी चिकटलेला हवेचा थर एक मिलिमीटर पोलादापेक्षा काही हजार पट जास्त अडथळा करतो. वेशीवरच गाड्या तुंबल्या असतील, तर आतला रस्ता चारपदरी केला काय नि आठपदरी केला काय! आतली हवा बाहेरच्यापेक्षा १० अंशांनी गरम असेल, तर एक चौरस मीटर पत्र्यातून जेमतेम ३०-४० वॅट बाहेर पडतात, मग धातू कोणताही असो. यंत्र ४०० वॅट ओकत असेल, तर तेवढ्याच फरकात ते बाहेर काढायला सेकंदाला सुमारे ३३ लिटर हवा खेळती लागते. ते काम पंख्यांचं आणि जाळीचं. समोरून काचेनं बंद केलेलं महागडं ॲल्युमिनियम कॅबिनेट जाळीदार लोखंडी कॅबिनेटपुढे इथेच हरतं.

‘पण हात लावला की गार लागतं ना!’ लागणारच, तुमच्या हातातली उष्णता ते भराभर ओढून घेतं. प्रोसेसरला कुणी त्या पत्र्यावर टेकवलेलं नसतं. अपवाद एकच: बिनपंख्याची कॅबिनेट, जिथे हीट-पाइप प्रोसेसरची उष्णता थेट जाड भिंतींपर्यंत नेतात. तिथे ॲल्युमिनियमला खरंच मोल आहे.

आवाजाच्या बाबतीत तर दावा उलटाच आहे. आवाज अडवतं ते वजन, आणि त्याच जाडीचा ॲल्युमिनियमचा पत्रा पोलादाच्या जवळपास एक तृतीयांश वजनाचा. कागदावर हा तोटा ९ डेसिबलचा. प्रत्यक्षात इतका जाणवत नाही, कारण बराचसा आवाज जाळीतूनच बाहेर येतो. मिनिटाला ७२०० फेऱ्यांची हार्ड डिस्क १२० हर्ट्‌झवर घुमते. ती घुमघुम पत्र्यात उतरू नये म्हणून डिस्कखाली रबरी वॉशर हवेत. आतून चिकटवलेला पातळ फोम इतक्या खालच्या सुरापुढे हात टेकतो.

आता शॉक. कॅबिनेटला हात लागल्यावर मुंग्या येतात, त्याचं कारण बहुधा प्लगपाशी सापडतं. पॉवर सप्लायच्या फिल्टरमधले छोटे कपॅसिटर गळतीचा प्रवाह त्याच्या धातूच्या डब्याकडे आणि तिथून अर्थिंगकडे पाठवतात. अर्थिंग तुटलेलं असेल, तर २३० व्होल्टच्या पुरवठ्यावर डबा आणि त्याला स्क्रूनं जोडलेलं कॅबिनेट साधारण ११५ व्होल्टवर तरंगतं. प्रवाह मिलिअँपियरहून कमी असतो, पण कळतो. ॲल्युमिनियमच्या कॅबिनेटमध्येही अगदी असंच होईल. फार तर ॲनोडायझिंगचा (ॲल्युमिनियमवर मुद्दाम चढवलेल्या ऑक्साइडचा) थर वीज वाहू देत नाही म्हणून मुंग्या लपतील. आणि तोच थर अर्थिंगच्या आड येतो: पॅनल एकमेकांना टेकलेले दिसतात, पण जोडलेले असतीलच असं नाही. स्क्रू थर फोडून आत बसला तर जोड लागतो.

लाकूड-ॲक्रिलिकमध्ये अर्थिंग मिळत नाही म्हणणाऱ्यांनी एकदा पॉवर सप्लायची केबल बघावी. तिसरी पिन थेट त्याच्या डब्याला जोडलेली असते आणि मदरबोर्डला ग्राउंड २४ पिनांच्या कनेक्टरमधल्या काळ्या तारांतून मिळतं. लाकडात उणीव राहते ती वेगळी: रेडिओ लहरी अडवणारा धातूचा पिंजरा नसतो, म्हणून शेजारच्या रेडिओत खरखर येऊ शकते.

शंका असेल तर प्लग काढा, मल्टिमीटरचं एक टोक अर्थ पिनला आणि दुसरं कॅबिनेटच्या रंग नसलेल्या स्क्रूला लावा. एक ओहमच्या आत आकडा आला, तर कॅबिनेटपर्यंतची जोडणी ठीक आहे. मग इलेक्ट्रिशियनकडून भिंतीतलं सॉकेट तपासून घ्या.