सोसायटीची सभा हॉलमध्ये आणि निम्मे सभासद मोबाइलवर

सप्टेंबर आला की वार्षिक सर्वसाधारण सभांची धावपळ सुरू होते. ३० सप्टेंबरच्या आत सभा, १४ पूर्ण दिवसांची नोटीस, हे सेक्रेटरींना पाठ असतं. हल्ली नोटिशीच्या तळाशी झूमची किंवा गूगल मीटची लिंकही असते, कारण कोणी दुबईला, कोणी न्यू जर्सीला, आणि तिसऱ्या मजल्यावरच्या आजींना गुडघ्यांमुळे जिना उतरवत नाही. (ऑनलाइन हजेरी गणसंख्येत आणि मतदानात धरायची का, हे नोटीस काढण्याआधी उपनिबंधक कार्यालयात विचारून घ्या.) माझं ठाम मत आहे की ज्या सभासदाला ऐकू येत नाही, त्याला आपण सभेबाहेरच ठेवलेलं असतं. म्हणून पैसा आणि मेहनत आवाजावर घाला. चित्र अंधुक दिसलं तरी चालतं.

सगळ्यात मोठी चूक म्हणजे टेबलावर लॅपटॉप उघडायचा आणि त्याच्याच माइकवर अख्खा हॉल ऐकवायचा. त्याला जवळचा पंखा ऐकू येतो, चौथ्या रांगेतले काका नाही. हॉलमध्ये साउंडवाला असेल तर त्याच्या मिक्सरच्या ऑक्स आउटमधून (हॉलच्या स्पीकरपेक्षा वेगळा आवाज बाहेर काढायची जागा) लॅपटॉपसाठी वायर घ्या. ती लॅपटॉपच्या इयरफोनच्या भोकात खुपसू नका. तिथली माइकची जोडणी अगदी बारीक सिग्नलसाठी असते, मिक्सरचा सिग्नल त्याच्या कितीतरी पट मोठा, त्यामुळे आवाज फाटतो. मध्ये लाइन इन (असा मोठा सिग्नल घेणारी जागा) असलेला यूएसबी ऑडिओ इंटरफेस, म्हणजे लॅपटॉपला बाहेरून जोडायची आवाजाची डबी, लागतो. आता पुढची गोष्ट, जी बहुतेक जण विसरतात: लॅपटॉपमधून येणारा बाहेरच्यांचा आवाज मिक्सरच्या ज्या चॅनलवर असेल, त्याचं ऑक्सचं बटण शून्यावर हवं. नाहीतर दुबईतल्या सभासदाला स्वतःचंच बोलणं क्षणभर उशिरा ऐकू येतं आणि दोन वाक्यांत तो गप्प होतो. लॅपटॉपचा स्वतःचा माइकही बंदच ठेवा. हॉलमध्ये बसून दुसऱ्या कोणी मोबाइलवर लिंक उघडली तर शिट्टी सुरू होते, कारण अ‍ॅप स्वतःच्या स्पीकरचा प्रतिध्वनी कापतं, शेजारच्या फोनचा नाही.

आणि हॉलमधला प्रत्येक प्रश्न हातातल्या माइकवरच, तोंडापासून चार बोटांवर. माइक पोचेपर्यंत थांबायचं. "माझा आवाज मोठा आहे, माइक नको" म्हणणाऱ्यांनाही सूट नाही.

अध्यक्षांनी लॅपटॉप हाताळू नये. ऑनलाइन कोणी हात वर केलाय ते बघणं, कोणी नंतर आलं तर आत घेणं, म्यूट करणं हे काम दुसऱ्याच माणसाचं, आणि त्याला बोलणं मध्येच थांबवून "ऑनलाइन बी-३०४ ला बोलायचंय" असं सांगायचा अधिकार द्या. "कोणाला काही विचारायचंय?" म्हटल्यावर मनात पाच अंक मोजा. आवाज पोचायला वेळ लागतो, त्यात म्यूट काढायला दोन-तीन सेकंद जातात, तोवर हॉलमधले "मंजूर, मंजूर" म्हणून मोकळे होतात.

मतदान आवाजी नकोच. अ‍ॅप एका वेळी मोजकेच आवाज पुढे पाठवतं, तीस जण एकदम बोलले तर नुसता कालवा होतो. अ‍ॅपमधला पोलही उपयोगाचा नाही, तो फोन मोजतो, फ्लॅट नाही. एका घरातून नवरा-बायको दोघं दोन फोनवर असतात. सरळ फ्लॅट नंबर पुकारा आणि हो-नाही लिहून घ्या. ६० फ्लॅटना दहा-बारा मिनिटं लागतात, पण इतिवृत्तावर नंतर भांडण होत नाही. त्यासाठी आत येतानाच नावाच्या जागी "बी-३०४ कुलकर्णी" असं लिहायला लावा, नाहीतर यादीत नुसत्या फोनच्या मॉडेलांची नावं दिसतात.

झूमच्या फुकट खात्यावर बैठक ४० मिनिटांत तुटते, मीटच्या ६० मिनिटांत. ताळेबंदावरची चर्चाच त्याहून लांबते. एका महिन्याचं सशुल्क खातं घ्या आणि सहयजमान (को-होस्ट) नेमा, म्हणजे यजमानाचं नेट गेलं तरी सभा चालू राहते. राउटर छोट्या यूपीएसवर लावा. ताळेबंद स्क्रीनवर दाखवू नका, सहा इंची फोनवर ते आकडे वाचता येत नाहीत. पीडीएफ दोन दिवस आधी ग्रुपवर टाका.

वेळ रविवारी सकाळी ११ ठेवली तर न्यू जर्सीत रात्रीचा दीड वाजलेला असतो. संध्याकाळी साडेसात ठेवा: दुबईत सहा, लंडनमध्ये दुपारचे तीन, न्यू जर्सीत सकाळचे दहा, कॅलिफोर्नियात सात.

सभेच्या दोन दिवस आधी ज्येष्ठ सभासदांसाठी दहा मिनिटांची रंगीत तालीम घ्या. कोणीतरी त्यांच्या घरी जाऊन शेजारी बसावं. वायरचे इयरफोन लावून द्या. ब्लूटूथचा माइक चालू झाला की ऐकू येणारा आवाजही डबा होतो, आणि ऐन सभेत बॅटरी संपते ते वेगळंच. म्यूटचं बटण त्यांच्याच बोटाने चार वेळा दाबून घ्या, आणि अ‍ॅपमध्ये हात वर कुठून करायचा तेही दाखवा.