हॅवलॉकहून परतीची बोट आणि विमान एकाच दिवशी नको

लेखातल्या पाच दिवसांच्या अंदमान आराखड्यात शेवटच्या दिवशी सकाळी हॅवलॉकहून (आताचं स्वराज द्वीप) बोट आणि दुपारी विमान धरलंय. हे बदला. समुद्र खवळला की फेऱ्या रद्द होतात, विमान काही थांबत नाही. आधी बेटं, शेवटची रात्र पोर्ट ब्लेअरला (आताचं श्री विजयपुरम). सेल्युलर जेल तेव्हाच बघा. स्कूबा करणार असाल तर हा क्रम आणखी गरजेचा, कारण शेवटच्या डाइव्हनंतर विमानात बसेपर्यंत 18 ते 24 तास जायला हवेत.

हॅवलॉकच्या राधानगर किनाऱ्यावर सूर्यास्त बघायचा तर डिसेंबरात चारलाच वाळूत हजर राहा. घड्याळ आपलंच, पण बेटं खूप पूर्वेला, पाचच्या सुमारास सूर्य बुडतो.

हॉटेल बुक करताना फोटोंवर भाळू नका. पूर्वेकडच्या विजयनगर किनाऱ्यावर ओहोटीला पाणी लांबवर हटतं, खाली खडक आणि तुटकं पोवळं उघडं पडतं. अनवाणी गेलात तर तळपाय कापलाच म्हणून समजा. पोहायला राधानगर बरं. नील बेटावरचा (आताचं शहीद द्वीप) नैसर्गिक दगडी पूल मात्र ओहोटीतच गाठायचा. वेळा पोर्ट ब्लेअरच्या भरती-ओहोटीच्या तक्त्यात बघा, रोज साधारण 50 मिनिटं पुढे सरकतात. कोकणात तिथीची पाऊणपट करून भरतीची वेळ काढतात, ते गणित इथे चालत नाही.

आणि शंख-पोवळी उचलून बॅगेत टाकू नका, विमानतळावर काढून घेतात.