दुसरी स्ट्रिप का दिली नाही: मेडिकलच्या मालकाकडून उत्तर

नमस्कार. तुमचा रिव्ह्यू वाचला. आईंच्या गुडघ्यासाठी आयबुप्रोफेन आणि नॅप्रोक्सेन अशा दोन्ही गोळ्या मागितल्यात. आमच्या मुलाने आयबुप्रोफेनची एकच स्ट्रिप दिली आणि वर रांगेतल्या सगळ्यांसमोर ‘त्यांना आणखी काय चालू आहे?’ अशी उलटतपासणी केली, असं तुम्ही लिहिलंय. चारचौघांत मोठ्याने विचारलं, ही आमची चूक. मनापासून माफी मागतो. यापुढे बाजूला घेऊन विचारू, पण विचारणार नक्की.

या दोन गोळ्यांची नावं वेगळी असली तरी काम एकच. दोन्ही शरीरातलं प्रोस्टाग्लँडिन नावाचं रसायन कमी करतात, म्हणून सूज उतरते, ठणका थांबतो. पण तेच प्रोस्टाग्लँडिन जठराचं अस्तर ॲसिडपासून जपतं आणि किडनीचा रक्तपुरवठा सांभाळतं. दोन्ही एकदम घेतल्या तर आराम दुप्पट होत नाही, अल्सर आणि रक्तस्रावाचा धोका मात्र वाढतो. मुरगळलेल्या घोट्याला, दाढदुखीला, पाळीतल्या दुखण्याला ही गोळी चांगलीच आहे. तरुण, धडधाकट माणसाने दोन-चार दिवस, जेवणानंतर घेतली तर सहसा त्रास होत नाही.

आईंना बीपीची आणि लघवीची गोळी रोज असते, हे तुम्हीच रिव्ह्यूत लिहिलंय, नाहीतर मी इथे त्याचा उल्लेख केला नसता. बीपीच्या बऱ्याच गोळ्या आणि लघवीची गोळी यांच्या जोडीला ही तिसरी आली की किडनी अचानक बिघडू शकते. त्यात जुलाब-उलट्यांनी अंगातलं पाणी कमी झालं असेल तर जास्तच. बीपीही चढतं. म्हणजे खरं तर आम्ही पहिली स्ट्रिपही द्यायला नको होती. मुलाने गोळी आधी हातात दिली आणि प्रश्न नंतर विचारले. तुमच्या तक्रारीपेक्षा मला हे जास्त लागलंय.

म्हणून विनंती, डॉक्टरांना विचारल्याशिवाय ती गोळी आईंना देऊ नका. गुडघ्याला लावायचं जेल चालेल का, तेही त्यांना विचारा. जेलमधून औषध रक्तात फार कमी जातं. एखादी गोळी दिली गेली असेल आणि शौचाला डांबरासारखं काळं झालं, पाय सुजले किंवा लघवी कमी झाली, तर त्याच दिवशी दवाखाना गाठा.

स्ट्रिप फोडलेली असली तरी परत आणा, पूर्ण पैसे देतो.