‘लिनक्सला कुठलाही हलका लॅपटॉप चालतो’ हे खोटं आहे

‘लिनक्ससाठी स्वस्त आणि हलका लॅपटॉप’ या नावाचा पाच मुद्द्यांचा एक मेसेज सगळीकडे फिरतोय. (लिनक्स म्हणजे विंडोजच्या जागी चालणारी मोफत ऑपरेटिंग सिस्टिम.) परवा तो माझ्या भाचीपर्यंत पोचला. तिने तो मला पाठवला आणि खाली एवढंच विचारलं, “मामा, यातलाच घेऊ ना?” ती यंदा इंजिनिअरिंगला चालली आहे आणि हा लॅपटॉप तिला चार वर्षं पुरवायचाय. उत्तर तिच्यासाठी आहे, पण ज्यांनी तो मेसेज न तपासता पुढे ढकलला त्यांनीही वाचावं.

पहिला मुद्दा: ‘लिनक्स हलकं असतं, त्यामुळे ४ जीबी रॅम आणि ६४ जीबी स्टोरेज भरपूर झालं. कमी पडलं तर नंतर वाढवता येतं.’

शेवटचं वाक्य सगळ्यात घातक, म्हणून आधी तेच घेतो. एक-सव्वा किलोच्या स्वस्त लॅपटॉपमध्ये रॅम बहुतेक वेळा बोर्डावर सोल्डर केलेली, म्हणजे कायमची डाखलेली असते. ते ६४ जीबीचं स्टोरेजही एसएसडी नसतं, ईएमएमसी नावाची संथ चिप असते, आणि तीही सोल्डरच. मागचं झाकण उघडलं तर वाढवायला जागाच नसते. काही मॉडेलांत एसएसडी बसवायचा एम.२ चा एखादा रिकामा स्लॉट असतो. तो आहे की नाही हे कंपनीच्या सर्व्हिस मॅन्युअलमध्ये बघा, दुकानदाराच्या शब्दावर जाऊ नका.

आता ‘हलकं’ म्हणजे काय ते बघू. हलका असतो तो डेस्कटॉप, म्हणजे मेनू आणि खिडक्या दाखवणारा भाग; लिनक्सवर तो निवडता येतो. एक्सएफसीई हा हलका डेस्कटॉप सुरू होऊन नुसता बसला तर पाऊण जीबीच्या आसपास रॅम घेतो, ग्नोम साधारण त्याच्या दुप्पट. ब्राउझर मात्र विंडोजवर असतो तोच असतो, आणि तितकीच रॅम खातो. ऑनलाइन लेक्चर, पाच-सहा टॅब आणि शेजारी कोड लिहायचा व्हीएस कोड उघडा, ४ जीबी संपली. मग सिस्टिम स्वॅपकडे, म्हणजे रॅमऐवजी स्टोरेजवर वापरायच्या जागेकडे वळते. स्वॅप असतो ईएमएमसीवर, आणि सतत छोटे छोटे तुकडे लिहीत-वाचत राहणं हेच तर ईएमएमसीला झेपत नाही. माउसचा बाण जागीच थिजतो, टाइप केलेलं अक्षर पाच सेकंदांनी उमटतं, शेवटी पॉवरचं बटण दाबून धरावं लागतं. हे रोज झालं की ईएमएमसी झिजते, आणि ती गेली की अख्खा बोर्ड गेला.

उबुंटू हा लिनक्सचा एक प्रकार. त्याच्या २४.०४ आवृत्तीच्या डेस्कटॉपसाठी तो बनवणारी खुद्द कॅनॉनिकल कंपनीच किमान ४ जीबी रॅम आणि २५ जीबी जागा सांगते. किमान म्हणजे पुरेसं नव्हे. आज नवा लॅपटॉप घेताना १६ जीबी बघा. ८ च्या खाली जाऊच नका, आणि ८ घेतली तर निदान एक स्लॉट रिकामा हवा.

यात अर्धं खरं आहे, ते नाकारत नाही. घरात ४ जीबीचा जुना लॅपटॉप पडून असेल, तर त्यात एसएसडी टाका, डेबियन (लिनक्सचा आणखी एक प्रकार) आणि एलएक्सक्यूटी (हलका डेस्कटॉप) बसवा, झेडरॅम (रॅममधला डेटा दाबून जागा वाचवणारी सोय) चालू करा. लिहिणं, मेल, टर्मिनल एवढं काम तो नीट करतो. पण घरात पडलेलं यंत्र वापरात आणणं वेगळं आणि पैसे मोजून तसलंच यंत्र विकत घेणं वेगळं.

दुसरा आणि तिसरा मुद्दा एकाच माळेतले: ‘डॉसवाला लॅपटॉप घ्या, त्यावर लिनक्स हमखास चालतं’ आणि ‘लिनक्सला ड्रायव्हरची भानगडच नसते’. डॉसवाला म्हणजे विंडोजचे पैसे न घेतलेला, बस्स. आतली वायफाय चिप तीच असते. जाहिरातीत नुसतं ‘वायफाय ६’ लिहितात, चिपचं नाव लिहीत नाहीत, आणि अडतं तिथेच. चिप चालायला ड्रायव्हर, म्हणजे ती चालवणारा प्रोग्राम लागतो, आणि तो लिनक्सच्या गाभ्यात, म्हणजे कर्नलमध्ये असावा लागतो. मीडियाटेकच्या एमटी७९२१ ला कर्नल ५.१२ पासून ड्रायव्हर आहे. तिच्या शेजारच्या एमटी७९०२ ला वर्षानुवर्षं नव्हता. रिअलटेकच्या आरटीएल८८५२बीई चा ड्रायव्हर कर्नल ६.२ मध्ये आला, त्यामुळे जुन्या आयएसओवरून (लिनक्स बसवायच्या फाइलवरून) बसवलं की वायफाय दिसतच नाही. वायफाय कार्ड बदलता येण्यासारखं असेल तर इंटेलचं एएक्स२१० टाका. एएक्स२११ चुकूनही नको, ते ठरावीक इंटेल प्रोसेसरांबरोबरच चालतं.

कॅमेऱ्याचंही तसंच. इंटेलच्या १२ व्या पिढीनंतरच्या काही पातळ, महागड्या लॅपटॉपांत कॅमेरा यूएसबीऐवजी एमआयपीआय या वेगळ्या जोडणीने जोडलेला असतो आणि लिनक्सवर तो बराच त्रास देतो. महाग घेतलं म्हणजे सुटलो असं नाही.

यावर भरवशाची एकच जागा सांगतो: उबुंटूची प्रमाणित हार्डवेअरची यादी. मॉडेलचं पूर्ण नाव घालून शोधा, कारण प्रमाणपत्र त्या विशिष्ट जुळणीला असतं. ‘थिंकपॅड आहे ना, मग चालेल’ एवढ्यावर भागत नाही. लेनोव्होच्या थिंकपॅड एक्स२७० मध्ये रॅमचा एक स्लॉट आहे; पुढच्याच एक्स२८० मध्ये रॅम सोल्डर केलेली आहे.

चौथा मुद्दा, ‘सिक्युअर बूट बंद केल्याशिवाय लिनक्स बसत नाही’. चूक. सिक्युअर बूट म्हणजे सही नसलेली सिस्टिम सुरू होऊ न देणारी सोय. उबुंटू, फेडोरा आणि १० व्या आवृत्तीपासून डेबियन तो चालू ठेवूनच बसतात. विंडोजही ठेवायचं असेल तर बायोसला (लॅपटॉपच्या मूळ सेटिंग्जना) हात लावण्याआधी बिटलॉकरची, म्हणजे विंडोजच्या डिस्क-कुलपाची रिकव्हरी की कागदावर उतरवून घ्या.

पाचवा, ‘लिनक्सवर बॅटरी दुप्पट चालते’. नाही चालत. ब्राउझरमध्ये व्हिडिओचं हार्डवेअर डिकोडिंग (व्हिडिओ उलगडायचं काम ग्राफिक्स चिपकडे देणं) चालू नसेल तर उलट लवकर उतरते.

मग घ्यायचं काय? नव्याला पैसे कमी पडत असतील तर कंपन्यांतून निघालेला वापरलेला लॅपटॉप बघा. एचपीचा एलिटबुक ८३० जी५ साधारण १.३ किलोचा आहे आणि त्यात रॅमचे दोन स्लॉट आहेत. दुकानात जाताना ताज्या आयएसओचा पेनड्राइव्ह न्या. बायोस पासवर्डशिवाय उघडतो का ते पहिल्यांदा बघा. कुलूपबंद मशीन फुकट दिलं तरी नको. लिनक्स लाइव्ह, म्हणजे न बसवता पेनड्राइव्हवरूनच चालवून फोनच्या हॉटस्पॉटला जोडा, कॅमेरा, आवाज आणि ब्राइटनेसच्या कळा तपासा. मग झाकण मिटून पंधरा मिनिटं थांबा. उघडल्यावर स्क्रीन काळीच राहिली, किंवा खालची बाजू गरम लागली, तर ते मशीन तिथेच ठेवून या. शेवटी लिनक्सच्या ‘यूपॉवर’ या कमांडने बॅटरीची मूळ क्षमता आणि आजची क्षमता बघा. आजची ७० टक्क्यांखाली असेल तर नव्या बॅटरीचे पैसे किमतीतून कमी करून मागा.