फ्रीजमधला कोळी आणि ‘एका फोटोत ओळख’

परवा भाचीनं फ्रीजमधून डबी काढून दाखवली. आत पिवळ्या पट्ट्यांची सिग्नेचर कोळ्याची मादी, पाय पोटाशी घेऊन पडलेली. ‘मावशी, बघ, आता हलत नाहीये. मस्त फोटो येईल.’ ती पुढेही हललीच नाही.

हे शहाणपण ‘बागेतला कोळी एका मॅक्रो फोटोत ओळखा’ या फॉरवर्डचं. मलाही तो चार ग्रुपांवरून आलाय. म्हणणं असं: कोळी दहा मिनिटं फ्रीजमध्ये ठेवा, एक क्लोजअप घ्या, रंग बघा, जाळ्यावरची ‘सही’ (जाड पांढरी नागमोडी रेघ) बघा, लहान असेल तर पिल्लू समजा. झाली प्रजाती पक्की!

आधी फ्रीज. कोळ्याच्या पायातले दोन मोठे सांधे सरळ करायला स्नायूच नसतात. अंगातल्या द्रवाच्या दाबानं तो पाय लांब करतो. दाब गेला की पाय आत मिटतात, म्हणून मेलेला कोळी आवळलेल्या मुठीसारखा दिसतो. फॉरवर्डमधल्या ‘नमुना’ फोटोतही पाय अगदी तसेच आहेत, आणि लोक खाली टाळ्या वाजवतायत. शिवाय जाळ्यातून उचलला की बसायची ढब आणि जाळ्याची ठेवण, ओळखीच्या या दोन खुणा आपणच पुसून टाकतो.

रंगाचं तर विचारूच नका. मिसुमेना व्हेशिया ही फुलावरची खेकडा-कोळीण काही दिवसांत पांढऱ्याची पिवळी होते आणि परत पांढरीही. मग काय, दोन प्रजाती मोजायच्या?

‘वर्ल्ड स्पायडर कॅटलॉग’ उघडून बघा. पन्नास हजारांहून जास्त प्रजाती आहेत त्यात. प्रत्येकीपुढे कुठल्या शोधनिबंधात नराचं चित्र आहे, कुठल्यात मादीचं, याची नोंद असते. चित्र मुख्यतः कशाचं? नराच्या पाल्पचं (तोंडाजवळच्या, मीलनासाठीच्या छोट्या अवयवाचं) आणि मादीच्या पोटाखालच्या जननांगाचं. बऱ्याच प्रजाती तिथेच वेगळ्या पडतात, तेही कोळी प्रौढ असेल तर. पाठीवरून घेतलेल्या फोटोत मादीची ही खूण दिसणार कुठून?

‘सही’ वयाप्रमाणे बदलते. आर्जिओपीची (सिग्नेचर कोळ्यांच्या गटाची) पिल्लं बरेचदा नागमोडी रेघांऐवजी गोल चकती विणतात. आणि जाळ्याच्या कडेला बसलेलं ते चिमुकलं तपकिरी ‘पिल्लू’ बहुधा पूर्ण वाढलेला नवरा असतो.

एक मात्र नाइलाजानं मान्य करते. समोरून डोळे नीट टिपले तर कुळ बऱ्याचदा कळतं. उड्या मारणाऱ्या कोळ्याचे पुढचे दोन टपोरे डोळे कोण विसरेल? सिग्नेचर कोळी आर्जिओपी आहे एवढं तर साध्या फोटोतही दिसतं. पण एकास एक मोठेपणाला (कॅमेऱ्याच्या सेन्सरवर कोळी खऱ्या आकाराएवढाच उमटतो तेव्हा), लेन्सचं छिद्र एफ-८ इतकं लहान ठेवूनही, जेमतेम मिलिमीटरभर खोली फोकसमध्ये येते. डोळे धारदार आले की पोट धूसर. एका फोटोत सगळं मावत नाही.

भाचीला सांगितलंय, भल्या पहाटे जा, गारव्यात कोळी तसाही सुस्त असतो. आर्जिओपी जाळ्याच्या मधोमध डोकं खाली करून बसते. एक फोटो पाठीचा घे, मग जाळ्याला हात न लावता पलीकडे जाऊन पोटाचा. काल तिनं नवी मादी दोन्हीकडून टिपली आणि फाइलला नाव दिलं: ‘आर्जिओपी, मादी, प्रजाती माहीत नाही’.